एक अमिनो आम्ल बदललं की एंझाइमचं नेमकं काय बिघडतं? जी६पीडीच्या उदाहरणाने पायरीपायरीने

१९८४ साली एका कोळी कुटुंबात जी६पीडी (ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेज) या एंझाइमचा नवा प्रकार नोंदला गेला आणि त्याला 'जी६पीडी कल्याण' असं नाव मिळालं. अशा प्रकारांच्या यादीत 'जी६पीडी केरळ' नावाचाही एक प्रकार होता. दोघांचे गुणधर्म प्रयोगशाळेत वेगवेगळे भरले होते, म्हणून नावंही दोन. १९९२ साली डीएनए वाचून झाला तेव्हा दोन्हीकडे एकच बदल निघाला: ३१७व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन. प्रथिन एकच होतं, मोजमापं दोन होती.

एंझाइम कायनेटिक्स (एंझाइमच्या वेगाचा अभ्यास) शिकणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगावी असं मला वाटतं. म्युटेशनमुळे 'ॲक्टिव्हिटी कमी झाली' हे वाक्य प्रबंधांत सर्रास दिसतं, आणि ते जवळजवळ काहीच सांगत नाही. सब्स्ट्रेटवरची, म्हणजे एंझाइम ज्यावर काम करतो त्या पदार्थावरची, पकड सैल झाली? पकड शाबूत आहे पण रासायनिक क्रिया अडली? की प्रत्येक रेणू व्यवस्थित काम करतोय, पण प्रथिन टिकतच नाही, म्हणून रेणूच कमी आहेत? या तीन बिघाडांची लक्षणं वरवर सारखी आणि उपाय पूर्णपणे वेगळे. ते एकमेकांपासून कसे सोडवायचे, ते या लेखात पाहू. उदाहरण सगळीकडे जी६पीडीचंच घेतो, कारण त्यात तिन्ही नमुने मिळतात.

एंझाइमची ओळख थोडक्यात. ग्लुकोज-६-फॉस्फेटमधून इलेक्ट्रॉन काढून ते एनएडीपी या सहायक रेणूला देणं आणि एनएडीपीएच तयार करणं हे जी६पीडीचं काम. तांबड्या रक्तपेशीत मायटोकॉन्ड्रिया नसतात, त्यामुळे ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून वाचायला लागणारं एनएडीपीएच तिला या वाटेनेच मिळतं. माणसाच्या जी६पीडीची साखळी ५१५ अमिनो आम्लांची. दोन किंवा चार साखळ्या एकत्र आल्या तरच एंझाइम काम करतो. जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. त्यात दोनशेहून जास्त म्युटेशन्स माहीत आहेत.

पायरी १: बदल कुठे बसतो ते आधी शोधा

पिपेट हातात घेण्याआधी कागद घ्या. समजा अहवालात लिहिलंय की जनुकाच्या कोडिंग भागात १३१व्या जागी 'सी'चा 'जी' झाला. १३१ला ३ने भागा: ४३ पूर्ण कोडॉन (एका अमिनो आम्लासाठीची तीन-तीन अक्षरं) आणि वर २. म्हणजे बदल ४४व्या कोडॉनच्या मधल्या अक्षरात आहे. तिथे ॲलनीन होतं, ग्लायसिन आलं. हा 'जी६पीडी ओरिसा'. तसंच ५६३व्या जागचा बदल १८८व्या कोडॉनच्या मधल्या अक्षरात पडतो, सेरीनचं फिनाइलॲलनीन होतं, हा 'मेडिटरेनियन'. ९४९वा बदल ३१७व्या कोडॉनच्या पहिल्या अक्षरात, तो आपला कल्याण. हा हिशेब स्वतः करून पाहा. क्रमांकात एकाची चूक झाली, तर महिनाभर चुकीचं प्रथिन बनवत बसाल.

आता ती जागा रचनेत पाहा. ३८ ते ४४ या पट्ट्यात ग्लायसिन, ॲलनीन, सेरीन, ग्लायसिन, ॲस्पार्टिक आम्ल, ल्युसिन, ॲलनीन असा क्रम आहे. एनएडीपीसारखा न्यूक्लिओटाइड धरणाऱ्या प्रथिनांत असा ग्लायसिनवाला वळसा वारंवार भेटतो. ओरिसाचा बदल या वळशाच्या शेवटच्या मण्यावर आहे. ॲलनीनकडे बाजूला फक्त एक मिथाइल गट असतो, ग्लायसिनकडे तोही नाही. बदल कागदावर किरकोळ वाटतो, पण जागा नाजूक आहे.

दुसरी महत्त्वाची जागा १९८ ते २०६ची. तिथे ग्लुकोज-६-फॉस्फेट बसतं आणि २०५वं लायसिन त्याच पट्ट्यात आहे. तिसरी जागा दोन साखळ्या जिथे एकमेकींना भिडतात तिथली. तिच्याजवळ एनएडीपीचा आणखी एक रेणू कायमचा बसलेला असतो. तो क्रियेत भाग घेत नाही, प्रथिनाची घडी सांभाळतो. जन्मभर रक्तक्षय ठेवणारी सर्वांत गंभीर म्युटेशन्स बरीचशी या भागात गोळा झालेली आहेत.

पायरी २: भाकीत लिहून ठेवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. प्रयोगाच्या वहीत तारीख टाकून एक ओळ लिहा: 'या बदलामुळे एनएडीपीचा केएम वाढेल, ग्लुकोज-६-फॉस्फेटचा तसाच राहील, के-कॅट फारसा हलणार नाही.' (केएम म्हणजे ज्या संहतीला एंझाइम कमाल वेगाच्या निम्म्याने चालतो ती संहती; के-कॅट म्हणजे सब्स्ट्रेट भरपूर असताना एंझाइमच्या सेकंदाला होणाऱ्या फेऱ्या.) आकडे हाती आल्यावर कोणतीही कथा रचता येते. आधी लिहिलेलं भाकीत चुकलं, तर त्यातून खरोखर काही शिकायला मिळतं.

भाकीत करताना अमिनो आम्लाचा स्वभाव पाहा. कल्याणमध्ये ऋणभाराच्या जागी धनभार आला, म्हणजे एका जागेवर भाराचा फरक दोनाचा. असा बदल विजेच्या दाबाखाली जेलवर प्रथिनाची चाल बदलतो. मेडिटरेनियनमध्ये छोट्या सेरीनच्या जागी फिनाइलॲलनीनचं जाडजूड कडं आलं; आतल्या गच्च भरलेल्या भागात ते मावणार कसं, हा पहिला प्रश्न. आणि एक सावधगिरी: दोन बदल एकत्र असतील तर त्यांच्या परिणामांची साधी बेरीज करू नका. आफ्रिकेत सर्रास आढळणाऱ्या 'ए-मायनस' प्रकारात ६८वं व्हॅलिन आणि १२६वं ॲस्परॅजिन असे दोन्ही बदललेले असतात. त्यातला १२६चा एकटा बदल अनेकांत असतो आणि त्याने एंझाइमची कमतरता होत नाही. दोन्ही एकत्र आले की होते.

पायरी ३: एंझाइम हातात घेणं

दोन वाटा आहेत: रक्तातून किंवा जिवाणूत बनवून.

रक्ताच्या वाटेत एक खड्डा आहे. तांबड्या पेशी फोडून काढलेल्या द्रावणात जी६पीडीच्या पुढच्या पायरीचा एंझाइमही असतो. जी६पीडीने तयार केलेला पदार्थ घेऊन तोही एनएडीपीएच बनवतो. यंत्राला दोघांचं एनएडीपीएच सारखंच दिसतं आणि वेग फुगतो. म्हणून एका क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक कुपीत) दोन्ही सब्स्ट्रेट, दुसऱ्यात फक्त पुढच्या एंझाइमचा सब्स्ट्रेट घालून वजाबाकी करावी लागते. ती न करता काढलेला आकडा जी६पीडीचा म्हणता येत नाही.

जिवाणूच्या वाटेत खड्डा वेगळा आहे, आणि त्यात मी स्वतः पडलो आहे. ई. कोलायकडे स्वतःचं जी६पीडी असतं. माझा एक म्युटंट (बदललेला एंझाइम) चार-पाच तयाऱ्यांमध्ये तोच केएम देत राहिला, फक्त कमाल वेग फार कमी. मला वाटलं पकड शाबूत आहे. मग रिकामा प्लाझमिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं कडं, पण आपलं जनुक न घातलेलं) असलेल्या जिवाणूंचं द्रावण त्याच पद्धतीने शुद्ध करून मोजलं, तर तेवढाच वेग तिथेही. म्युटंट जवळजवळ मेलेला होता आणि मी जिवाणूचा एंझाइम मोजत होतो. तेव्हापासून दोन नियम पाळतो. स्वतःचं जी६पीडी जनुक काढून टाकलेलीच जात वापरायची, आणि रिकाम्या प्लाझमिडची तयारी प्रत्येक वेळी सोबत चालवायची.

शुद्ध करताना थोडं एनएडीपी बफरमध्ये ठेवा, नाहीतर घडी सांभाळणारा तो रेणू निघून जातो आणि एंझाइम फ्रीजमध्येच मरतो. मोजणीच्या आधी मात्र डीसॉल्टिंग कॉलममधून सुटं एनएडीपी काढून टाका. ते राहिलं, तर 'एक मायक्रोमोलर' लिहिलेल्या क्युव्हेटमध्ये प्रत्यक्षात तीन असेल आणि केएम खोटा निघेल.

पायरी ४: मोजणी

एनएडीपीएच ३४० नॅनोमीटरला प्रकाश शोषतं, एनएडीपी शोषत नाही. एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये एक मोलर एनएडीपीएचचं शोषण ६२२० भरतं. मिनिटाला ०.०६२२ इतका चढ दिसला, तर ०.०६२२ भागिले ६२२०, म्हणजे मिनिटाला १० मायक्रोमोलर एनएडीपीएच तयार होतंय. क्युव्हेटमध्ये एंझाइमच्या साखळ्या १ नॅनोमोलर असतील, तर प्रत्येक साखळी मिनिटाला १०,००० फेऱ्या मारते, सेकंदाला सुमारे १६७. सब्स्ट्रेट भरपूर असताना काढलेला हाच आकडा के-कॅट.

एका वेळी एकच सब्स्ट्रेट बदला, दुसरा भरपूर ठेवा. 'भरपूर' म्हणजे त्याच्या केएमच्या किमान दहापट; तेव्हाही एंझाइम ९१ टक्केच भरलेला असतो, हे ध्यानात असू द्या. नेहमीच्या जी६पीडीचा ग्लुकोज-६-फॉस्फेटसाठीचा केएम ५० ते ७० मायक्रोमोलर आणि एनएडीपीसाठीचा सुमारे ३ ते ४.५ मायक्रोमोलर मानला जातो. बदलत्या सब्स्ट्रेटच्या संहती केएमच्या पाचव्या हिश्शापासून पाचपटीपर्यंत पसरवा. म्युटंटचा केएम वेगळा असेल, तर त्याच्यासाठी संहती नव्याने निवडा. सामान्य एंझाइमची तयार प्लेट म्युटंटला लावणं ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक आहे.

इथे जरा थांबू, कारण जी६पीडीचा अभ्यास अडतो तो नेमका इथे. एनएडीपीचा केएम ४ मायक्रोमोलर आहे, म्हणून तुम्हाला १ आणि २ मायक्रोमोलरवरही मोजावं लागणार. सुरुवातीचा वेग धरायचा तर सब्स्ट्रेटचा दहावा हिस्सा संपायच्या आत मोजणी उरकली पाहिजे. २ मायक्रोमोलरचा दहावा हिस्सा ०.२ मायक्रोमोलर. त्याचं शोषण किती? ०.००१२. सर्वसाधारण स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या पडद्यावर तिसऱ्या दशांशातला आकडा तसाही थरथरत असतो, त्यात हा चढ बुडून जातो. मग माणूस नकळत जास्त वेळ मोजतो, सब्स्ट्रेट निम्मा संपतो, वेग कमी भरतो आणि केएम फुगतो. यावर चांगला उपाय म्हणजे फ्लुरोसन्स: ३४० नॅनोमीटरला उजेड द्या, ४६०च्या आसपास मोजा, आणि ताज्या एनएडीपीएचच्या माहीत असलेल्या संहतींवर आधी मापपट्टी बनवून घ्या. फ्लुरोमीटर नसेल तर लांब वाटेचा क्युव्हेट मिळतो का पाहा.

एनएडीपीची बाटली जुनी असेल तर बदला. त्यात एनएडीपीएचचा अंश असला, तर ते एंझाइमच्या त्याच खिशात, म्हणजे एनएडीपीच्या बसायच्या जागेत, घुसून एनएडीपीला अडवतं आणि केएम विनाकारण चढतो. तापमान आणि पीएच सगळ्या म्युटंटसाठी एकच ठेवा, हे वेगळं सांगायला नको.

पायरी ५: आकडे बसवणं

मिखाएलिस आणि मेन्टेन यांचं १९१३चं समीकरण तुम्हाला पाठ असेल: वेग = कमाल वेग × संहती ÷ (केएम + संहती). संगणकावर वक्र थेट या समीकरणावर बसवा. उलट्या आकड्यांचा लाइनवीव्हर-बर्क आलेख भिंतीवर लावायला छान दिसतो, पण त्यात सर्वांत कमी संहतीचे, म्हणजे सर्वांत अविश्वासू बिंदू रेषेला ओढून नेतात. किमान तीन स्वतंत्र तयाऱ्या घ्या. एकाच तयारीतून भरलेले तीन क्युव्हेट म्हणजे तीन प्रयोग नव्हेत.

एक सोय लक्षात ठेवा: केएम एंझाइमच्या प्रमाणावर अवलंबून नसतो, कमाल वेग असतो. त्यामुळे कच्च्या द्रावणातही केएम काढता येतो. के-कॅटसाठी मात्र काम करणाऱ्या रेणूंची संख्या माहीत हवी. एकूण प्रथिनाने भागून काढलेल्या के-कॅटमध्ये वाया गेलेली घडीही मोजली जाते.

पायरी ६: केएमचा अर्थ लावताना घाई नको

केएम म्हणजे पकड, असं वर्गात सांगितलं जातं. ते अर्धसत्य आहे. सब्स्ट्रेट बसण्याचा वेग, निसटण्याचा वेग आणि क्रियेचा वेग हे तिन्ही केएममध्ये मिसळलेले असतात: निसटणं आणि क्रिया यांची बेरीज भागिले बसणं.

एक बनावट उदाहरण करू. बसण्याचा वेग १ मायक्रोमोलरला सेकंदाला १०, निसटण्याचा सेकंदाला १००, क्रियेचा २००. खरी पकड १०० भागिले १०, म्हणजे १० मायक्रोमोलर. केएम मात्र ३०० भागिले १०, म्हणजे ३०. आता म्युटेशनने फक्त क्रिया मारली आणि २००चे २ उरले. पकड तीच, १० मायक्रोमोलर; केएम १०.२. कायनेटिक्सच्या तक्त्यात वाचणारा म्हणेल, 'केएम तिपटीने सुधारला, म्युटंट सब्स्ट्रेट घट्ट धरतोय.' प्रत्यक्षात पकड तसूभरही बदललेली नाही. म्हणून केएम घटला की आधी के-कॅटकडे पाहा. निर्णय महत्त्वाचा असेल, तर पकड स्वतंत्रपणे मोजा: बसतानाची उष्णता मोजणाऱ्या आयसोथर्मल कॅलरीमेट्रीने, किंवा सब्स्ट्रेट बसल्यावर प्रथिनाच्या फ्लुरोसन्समध्ये होणाऱ्या बदलाने.

आता खरे नमुने शेजारीशेजारी ठेवा. २०५वं लायसिन बदलून पाहिलं, तेव्हा ते सब्स्ट्रेट धरण्यासाठी अनिवार्य नाही पण क्रियेसाठी अत्यावश्यक आहे, असं निघालं. पकड राहिली, काम गेलं. ओरिसामध्ये एनएडीपीचा केएम पाचपट वाढला, आणि बदल एनएडीपीच्या वळशातच आहे, म्हणून पकड सैल झाली हा अर्थ इथे पटतो. पाचपट म्हणजे ऊर्जेत किती? ३७ अंशांना सुमारे १ किलोकॅलरी प्रति मोल, एखाद्या कमकुवत हायड्रोजन बंधाएवढी. एका मिथाइल गटाच्या जाण्याला ही किंमत साजेशी आहे. तुमच्या हिशेबात अशा लहान बदलाला ८ किलोकॅलरी आल्या, तर बंधाची कथा रचण्याआधी घडीच मोडली आहे का ते तपासा.

मेडिटरेनियन सर्वांत बोधक. त्याचा ग्लुकोज-६-फॉस्फेटचा केएम नेहमीपेक्षा कमी आहे, तरीही रक्तात त्याची कमतरता तीव्र असते. शिवाय खिशाची निवडही बिघडलेली: २-डीऑक्सिग्लुकोज-६-फॉस्फेट हा बदली सब्स्ट्रेट दिला, तर सामान्य एंझाइम त्यावर मूळ वेगाच्या ४ टक्क्यांहूनही कमी वेगाने चालतो, मेडिटरेनियन मात्र २३ ते ३७ टक्क्यांनी. बदली सब्स्ट्रेटची ही चाचणी स्वस्त आहे, जरूर करा. पण कमतरतेचं मुख्य कारण त्यात सापडत नाही. ते पुढच्या पायरीत आहे.

पायरी ७: टिकाव

एंझाइम ४५ ते ५० अंशांच्या दरम्यान ठेवा, दर काही मिनिटांनी थोडा काढून बर्फात घाला आणि उरलेला वेग मोजा. हेच एनएडीपी घालून आणि न घालता करा. एनएडीपी घातल्यावर म्युटंट सावरला, तर बिघाड घडी सांभाळणाऱ्या त्या रेणूभोवती असण्याची शक्यता वाढते.

शरीरात हीच गोष्ट काळाच्या भाषेत दिसते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि केंद्रक नसल्यामुळे तिला नवा एंझाइम बनवता येत नाही. जन्माची शिदोरी संपली की संपली. तिच्यात सामान्य जी६पीडीचं अर्धायुष्य सुमारे ६२ दिवस, ए-मायनसचं सुमारे १३, आणि मेडिटरेनियनचं तर तासांतच मोजावं लागतं. सब्स्ट्रेट चांगला धरणारा एंझाइम दुसऱ्या दिवशी उरतच नसेल, तर त्या केएमचा पेशीला काय उपयोग? अशा म्युटंटसाठी खिशात बसणारं औषध शोधण्यापेक्षा घडी सावरणारं औषध शोधणं शहाणपणाचं. 'कॅन्टन' या प्रकारावर २०१८ साली असा एक छोटा रेणू प्रयोगशाळेत परिणामकारक ठरल्याचं दाखवलं गेलं.

पायरी ८: आकडे पेशीत नेऊन पाहा

प्रयोगशाळेतल्या चाचणीत एनएडीपी मुबलक असतं. पेशीत सुटं एनएडीपी फार थोडं, आणि एनएडीपीएच सतत खिशावर दावा सांगत असतं. हा फरक ओरिसाला लावून पाहू. सोयीसाठी सामान्य केएम ४, म्युटंटचा २० धरा. चाचणीत एनएडीपी २०० मायक्रोमोलर असेल, तर सामान्य एंझाइम ९८ टक्के भरतो, म्युटंट ९१ टक्के. फरक चाचणीच्या चुकीत लपेल. तेच एनएडीपी ४ मायक्रोमोलर असेल, तर सामान्य ५० टक्के आणि म्युटंट जेमतेम १७ टक्के. फक्त पकड सैल करणारं म्युटेशन मुबलक सब्स्ट्रेटच्या चाचणीत निसटून जाऊ शकतं.

यातून उलटा निष्कर्षही निघतो. भारतातल्या आदिवासी समाजांत ओरिसा हा प्रकार सापडला तो तपासणीत कमतरता दिसली म्हणूनच. ९८ची ९१ झाल्याने तेवढी कमतरता दिसणार नाही. म्हणजे माझ्या मते पाचपट केएम ही त्याची पूर्ण गोष्ट नव्हे. काम करणाऱ्या रेणूंची संख्याही घटलेली असली पाहिजे. तुमच्या म्युटंटसाठी हाच हिशेब मांडा: मोजलेला केएम आणि के-कॅट वापरून चाचणीतला वेग किती यायला हवा, आणि रक्तात किती येतो. जी तफावत उरते ती टिकावाच्या खात्यात शोधा.

रक्ताचे नमुने हाताळत असाल तर आणखी दोन गोष्टी. स्त्रियांमध्ये दोन एक्स गुणसूत्रांपैकी प्रत्येक पेशीत एकच चालू असतं. त्यामुळे ५० टक्के ॲक्टिव्हिटी म्हणजे बहुतेक वेळा निम्म्या पेशी धडधाकट आणि निम्म्या दुबळ्या. सगळ्या पेशी अर्ध्या ताकदीच्या, असा अर्थ काढून केएमचा वक्र बसवू नका. दुसरी गोष्ट वेळेची. व्हायव्हॅक्स मलेरियासाठी प्रायमाक्विन हे औषध दिल्यावर एखाद्याला गडद लघवी आणि कावीळ झाली, तर त्याच आठवड्यात केलेली चाचणी फसवू शकते. एंझाइम संपलेल्या जुन्या पेशी तोवर फुटून गेलेल्या असतात, आणि रक्तात नुकत्याच आलेल्या तरुण पेशींची शिदोरी अजून भरलेली असते. ए-मायनससारख्या प्रकारात तर आकडा चक्क सामान्य येऊ शकतो. असा नमुना आला तर अहवालावर शेवटच्या झटक्याची, म्हणजे पेशी फुटल्याची, तारीख लिहा, आणि सुमारे तीन महिन्यांनी नवा नमुना मागवून चाचणी पुन्हा करा.